आज्ञेचे व्याकरण : नवशिक्यांना कमांड लाइन शिकविण्याच्या रूढ पद्धतीची समीक्षा
(विशेष संदर्भ : जुन्नर व आंबेगाव तालुके)

सारांश

अक्षरे टंकित करून संगणकाला आज्ञा देण्याची पद्धत, म्हणजेच कमांड लाइन, आपल्या महाविद्यालयांतून बहुधा आज्ञांची यादी पाठ करून घेऊन शिकविली जाते. प्रस्तुत लेखात या पद्धतीची समीक्षा केली आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या या विषयातील बहुसंख्य चुका विस्मरणातून होत नाहीत, त्या वाक्यरचनेतून होतात, असे प्रतिपादन येथे केले आहे. विभक्ती, समास, क्रियाविशेषण या शालेय व्याकरणातील परिचित संकल्पनांच्या आधारे हा विषय अधिक सुबोध करता येतो, हे उदाहरणांनी दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : कमांड लाइन, लिनक्स, विभक्ती, त्रुटीसंदेश, मराठी माध्यम, ग्रामीण महाविद्यालये.

१. प्रस्तावना

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही महाकाय दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असून त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त येथे भरणाऱ्या प्रदर्शनाला दोन्ही तालुक्यांतील विद्यार्थी आवर्जून जातात. अँटेनांचा आकार त्यांच्या मनावर ठसतो. परंतु त्या अँटेनांनी टिपलेल्या माहितीचे पुढे काय होते, हे सहसा दिसत नाही. ही माहिती लिनक्स प्रणालीवर, एप्स किंवा कासा यांसारख्या आज्ञावलींच्या साहाय्याने तपासली जाते आणि हे काम बव्हंशी आज्ञा टंकित करूनच चालते. म्हणजे आपल्या परिसरातील सर्वांत मोठ्या वैज्ञानिक उपकरणाशी संवाद साधण्याची भाषा कमांड लाइन ही आहे आणि त्याच परिसरातील पदवीचा विद्यार्थी तिला सर्वाधिक बिचकतो.

ही विसंगती समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणक तालुक्याच्या गावी आणि तेथून मोठ्या खेड्यांत पोहोचविला. हे श्रेय निर्विवाद आहे. मात्र त्या साक्षरतेचा पाया चित्रे, खिडक्या व माऊस हा होता. चित्रावर टिचकी मारणे म्हणजे संगणक चालविणे, ही समजूत त्यातून रूढ झाली. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला, घरातील पहिलाच पदवीधर होऊ पाहणारा विद्यार्थी जेव्हा संगणकशास्त्राच्या प्रथम वर्षात काळ्या पडद्यासमोर बसतो, तेव्हा त्याला टिचकी मारण्याजोगे काहीच दिसत नाही. या क्षणी त्याला काय शिकविले जाते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. यादीची परंपरा

रूढ पद्धतीचे स्वरूप सर्वपरिचित आहे. फळ्यावर दोन रकाने आखले जातात. डावीकडे आज्ञा व उजवीकडे तिचा अर्थ. एलएस म्हणजे यादी दाखविणे, सीडी म्हणजे फोल्डर बदलणे, सीपी म्हणजे प्रत करणे, एमव्ही म्हणजे हलविणे, आरएम म्हणजे काढून टाकणे. विद्यार्थी ही यादी प्रात्यक्षिकाच्या वहीत उतरवितो, प्रत्येक आज्ञा एकदा चालवून पाहतो, वहीवर सही घेतो आणि परीक्षेत मागणी झाल्यास ती लिहून दाखवितो.

या पद्धतीला शब्दकोशपद्धती म्हणता येईल. केवळ शब्दकोश पाठ करून कोणालाही संस्कृत किंवा कानडी बोलता येत नाही, हे भाषेचा प्रत्येक अध्यापक जाणतो. तरीही कमांड लाइनच्या बाबतीत आपण तीच अपेक्षा बाळगतो. परिणाम असा की, यादीतील आज्ञा जशीच्या तशी वापरण्याचा प्रसंग आला तर विद्यार्थी उत्तीर्ण होतो. पण फाईलचे नाव बदलले, ती दुसऱ्या फोल्डरमध्ये असली किंवा दोन आज्ञा जोडून वापरावयाच्या असल्या की तो अडखळतो. अध्यापक म्हणतो, पाठांतर कच्चे आहे. वस्तुतः पाठांतर पक्के असते. वाक्य जुळविता येत नसते.

या पद्धतीमागे एक गृहीतकही दडलेले आहे. ते असे की, आज्ञांची नावे इंग्रजी असल्यामुळे इंग्रजी येणाऱ्यास विषय सोपा व न येणाऱ्यास अवघड. हे अर्धसत्य आहे. सीपी किंवा एमव्ही हे इंग्रजीतील शब्द नव्हेत, ती संक्षिप्त रूपे आहेत. ग्रेप हे नाव तर ईडी या जुन्या संपादकातील एका आज्ञेच्या आद्याक्षरांवरून पडले. इंग्रजी घरात वाढलेल्या मुलालाही ते पूर्णतः अपरिचितच असते. अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८१ मध्ये डेटामेशन या नियतकालिकात युनिक्सवर कठोर टीका केली, तेव्हा त्यांच्या आक्षेपांत आज्ञांच्या दुर्बोध व विसंगत नावांचा समावेश होता. तेव्हा नावांपुरते सर्व नवशिके समपातळीवर आहेत. मराठी विद्यार्थ्याची खरी अडचण नावांच्या पुढे सुरू होते.

३. विभक्ती नसलेली भाषा

‘गणेशने पेढे ताटात ठेवले’, ‘ताटात गणेशने पेढे ठेवले’, ‘पेढे ताटात ठेवले गणेशने’ या तिन्ही वाक्यांचा मूळ अर्थ एकच आहे. शब्दांचा क्रम बदलला तरी कर्ता, कर्म व अधिकरण यांची ओळख पुसली जात नाही. कारण ती ओळख मुख्यतः प्रत्ययांत असते. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथापासून शालेय पुस्तकांपर्यंत विभक्ती व कारकार्थ यांचा जो विचार आपण शिकलो, तो मराठीच्या या स्वभावावर आधारलेला आहे.

कमांड लाइनला विभक्ती नाही. तेथे पदाचे कार्य त्याच्या स्थानावरून ठरते. ‘सीपी जुनी नवी’ या आज्ञेत जुनी हे कर्म आहे आणि नवी हे अधिकरण; म्हणजे ‘जुनी’ या फाईलची प्रत ‘नवी’ या नावाने कर. क्रम उलटला की अर्थही उलटतो. ‘नवी’ नावाची फाईल आधीच अस्तित्वात असेल, तर सामान्यतः संगणक काहीही न विचारता ‘जुनी’मधील मजकूर पुसून त्या जागी ‘नवी’मधील मजकूर ठेवतो. विद्यार्थ्याच्या तोंडी मात्र ‘नवीमध्ये जुनीची प्रत कर’ हे शुद्ध मराठी वाक्य असते. ते तो शब्दशः टंकित करतो आणि त्याचे काम नष्ट होते. या चुकीला विस्मरण म्हणणे अन्यायाचे आहे. त्याने आपल्या भाषेचे व्याकरण प्रामाणिकपणे पाळलेले असते.

दुसरा फरक क्रियापदाच्या स्थानाचा. मराठीत क्रियापद प्रायः वाक्याच्या शेवटी येते; येथे ते प्रारंभी येते. क्रियापदानंतर येणारे डॅशयुक्त अक्षर, म्हणजे ऑप्शन, हे क्रियाविशेषणाचे काम करते. ‘आरएम’ म्हणजे काढून टाक. त्यास ‘डॅश आर’ जोडले की ‘आतील सर्व वस्तूंसह’ काढून टाक. ‘डॅश आय’ जोडले की ‘विचारून विचारून’ काढून टाक. यादीत ही तीन रूपे तीन स्वतंत्र नोंदी म्हणून येतात. व्याकरणाच्या दृष्टीने ती एकाच क्रियापदाची तीन विशेषित रूपे आहेत आणि तशी ती समजली की पाठांतराचा भार पुष्कळ हलका होतो.

स्थानाचा नियम सर्वत्र सारखा नाही, हेही विद्यार्थ्यापासून लपवू नये. सीपी व एमव्ही यांत मूळ वस्तू आधी व गंतव्य नंतर येते. अनेक फाईलींचे एक गाठोडे बांधणाऱ्या टार या आज्ञेत मात्र सामान्यतः गाठोड्याचे नाव आधी द्यावे लागते व आत घालावयाच्या फाईली नंतर. ग्रेपमध्ये आधी काय शोधायचे ते आणि नंतर कोठे शोधायचे ते. ही विसंगती मराठी विद्यार्थ्याला समजावून सांगणे कठीण नाही. ‘मी चित्र पाहतो’ पण ‘मला चित्र आवडते’. क्रियापद बदलले की त्याच्या अपेक्षा बदलतात, हे तो जन्मापासून जाणतो. प्रत्येक आज्ञा शिकविताना ‘हे क्रियापद किती पदांची व कोणत्या क्रमाने अपेक्षा करते?’ हा एक प्रश्न विचारण्याची सवय लावली, तरी बरेच साधेल.

४. समास, अक्षरभेद आणि पत्ता

कमांड लाइनमध्ये दोन पदांना वेगळे करणारी खूण म्हणजे मोकळी जागा. आपल्या व्याख्यानपद्धतीत हीच खूण हरवते, कारण मोकळी जागा उच्चारली जात नाही. अध्यापक ‘सीडी डॉट डॉट’ म्हणतो आणि विद्यार्थी चारही चिन्हे जोडून लिहितो; लिनक्स त्यास एकच अपरिचित शब्द मानते.

याच मुद्द्याचे दुसरे अंग नावांत आढळते. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे व पिंपळगाव जोगे ही पाच धरणे आपल्या विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहेत. लिनक्समध्ये फाईलींची नावे देवनागरीतही देता येतात. विद्यार्थ्यांना या पाच धरणांच्या नावांचे पाच फोल्डर एमकेडीआयआर या एकाच आज्ञेने तयार करावयास सांगावेत. पाचही नावे ओळीने टंकित केल्यावर यादी पाहिली असता पडद्यावर सहा फोल्डर दिसतात. ‘पिंपळगाव’ वेगळा आणि ‘जोगे’ वेगळा. अशा वेळी अध्यापकाने उत्तर सांगण्याची घाई करू नये. सहावे धरण कोठून आले, याचा शोध विद्यार्थ्यांना घेऊ द्यावा. मोकळ्या जागेचे महत्त्व आणि दोन पदांचे एक पद करणाऱ्या अवतरणचिन्हांचे कार्य या एका उदाहरणातून कायमचे समजते. मराठीत पदे जोडून एक पद होते त्यास आपण समास म्हणतो. अवतरणचिन्हे येथे तेच करतात.

अक्षरभेदाची अडचणही अशीच दुर्लक्षित आहे. देवनागरीत अक्षराचे मोठे व छोटे रूप नसते. इंग्रजी शाळेतील मुलाला कॅपिटल अक्षर लहानपणापासून वेगळे दिसते; मराठी माध्यमातील विद्यार्थ्याला ते एकाच अक्षराचे दोन पोशाख वाटतात. विंडोजमध्ये फाईलींच्या नावांबाबत हा भेद सहसा आड येत नाही, लिनक्समध्ये मात्र येतो. ‘फाईल समोर दिसते, पण संगणक नाही म्हणतो’ या नित्याच्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे सापडते. हे पहिल्याच तासाला स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

फाईलचा मार्ग म्हणजेच पाथ शिकविताना टपालाच्या पत्त्याचा उपयोग करावा. ‘मु. पो. खोडद, ता. जुन्नर, जि. पुणे’ हा पत्ता लहानाकडून मोठ्याकडे जातो. संगणकाचा मार्ग मोठ्याकडून लहानाकडे येतो : आधी पुणे, मग तिरकी रेघ, मग जुन्नर, पुन्हा तिरकी रेघ आणि शेवटी खोडद. दिशा उलटी आहे हे स्पष्ट केले की निरपेक्ष मार्ग समजतो. सापेक्ष मार्गासाठी उभे राहण्याची जागा महत्त्वाची. मंचरमध्ये उभ्या असलेल्या माणसाला घोडेगावचा रस्ता सांगताना कोणी जिल्ह्यापासून प्रारंभ करीत नाही. आपण आत्ता कोठे आहोत, हे पीडब्ल्यूडी या आज्ञेने विचारता येते. म्हणून ती यादीतील एक नोंद न राहता प्रत्येक कामाचा पहिला प्रश्न व्हावी.

५. मौन आणि त्रुटीसंदेश

आज्ञा यशस्वी झाली की कमांड लाइन बहुधा काहीच बोलत नाही. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे आपण जाणतो. तरीही नवशिका हे मौन अपयश समजतो आणि तीच आज्ञा पुन्हा देतो. या मौनामागे इतिहास आहे. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्सची उभारणी सुरू केली, त्या काळात उत्तर पडद्यावर न उमटता टेलिटाइप यंत्राद्वारे कागदावर संथपणे छापले जाई. आज्ञांची नावे आखूड आणि उत्तरे मोजकी ठेवण्यात सोय होती. पुढे १९७३ मध्ये डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने पाइपची सुविधा आली व एका आज्ञेचे उत्तर थेट दुसऱ्या आज्ञेच्या हाती देता येऊ लागले. मग अनावश्यक बडबड न करणे हा गुणच ठरला, कारण ती पुढच्या आज्ञेच्या कामात मिसळली असती. हा इतिहास दहा मिनिटांत सांगता येतो आणि त्याने विद्यार्थ्याची भीती पुष्कळ कमी होते.

अधिक गंभीर उणीव त्रुटीसंदेशांच्या बाबतीत आहे. रूढ पद्धतीत त्रुटीसंदेश हा वाचावयाचा मजकूर मानला जात नाही. तो आला की पुसून टाकावयाचा असतो. प्रात्यक्षिकाच्या वहीत त्याला स्थान नसते. वस्तुतः लिनक्सचा नेहमीचा त्रुटीसंदेश सुघटित असतो. विसर्गासारख्या दोन टिंबांनी विभागलेले त्याचे भाग क्रमाने वाचले तर कोण बोलत आहे, कशाविषयी बोलत आहे आणि तक्रार काय आहे, हे कळते. सीपीला एकच नाव दिले तर ‘मिसिंग डेस्टिनेशन फाइल ऑपरंड’ असा संदेश येतो. मराठीत सांगावयाचे तर कर्म मिळाले, अधिकरण मिळाले नाही. म्हणजे संगणक स्वतःच व्याकरणाची चूक दाखवीत असतो! ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणजे क्रियापदच ओळखता आले नाही. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणजे क्रियापद समजले, पण नाम सापडले नाही. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे वाक्य शुद्ध आहे, अधिकार नाही. हे चार संदेश वाचता येणारा विद्यार्थी चाळीस आज्ञा पाठ असलेल्या विद्यार्थ्यापेक्षा पुढे जातो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

इंग्रजी न समजल्याने मराठी विद्यार्थ्याची खरी हानी होते ती येथे. आज्ञांच्या नावांची सबब पुढे करून आपण त्याला धीर देतो. पण ज्या इंग्रजी वाक्यांचा अर्थ लावणे त्याला खरोखर आवश्यक आहे, ती वाक्ये शिकविण्याचे टाळतो. आपण संगणकाच्या लायकीचे नाही, असा निष्कर्ष तो स्वतःविषयी काढतो आणि विषय सोडतो. अध्यापनातील उणिवेची शिक्षा विद्यार्थ्याच्या आत्मविश्वासाला होते.

६. दोन पर्यायी प्रयोग

मराठीतून हा विषय शिकविण्याचा उल्लेखनीय प्रयत्न म्हणजे आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या या प्रकल्पात सुमारे दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ तयार केले जातात. पडदा इंग्रजीत राहतो, निवेदन भारतीय भाषांत होते; लिनक्सविषयीचे पाठही मराठीत उपलब्ध आहेत. विद्यार्थ्याने पाठ व स्वतःचे काम पडद्यावर शेजारी शेजारी ठेवून, थांबत थांबत अनुकरण करावे, अशी त्याची रचना आहे. शिक्षकाची वानवा असलेल्या ठिकाणी याचे मोल मोठे आहे. मोकळ्या जागेचा निवेदनात उच्चार करण्याची या पाठांतील पद्धत तर आपण सर्वांनीच उचलावी अशी आहे.

तथापि या पद्धतीची मर्यादाही तिच्या रचनेतच आहे. आधी लिहून तपासलेल्या संहितेवर बेतलेला पाठ सरळ रेषेत पुढे जातो. अनुकरण करणाऱ्याच्या हातून टंकनाची चूक झाली की त्याचा पडदा व पाठातील पडदा यांची फारकत होते आणि या विशिष्ट चुकीविषयी पाठ काही सांगू शकत नाही. शिवाय इंग्रजी संहितेचे मराठी निवेदन हे भाषांतर असते. मराठी भाषकाची अडचण कोठे येईल, या विचारातून ते जन्मलेले नसते. विभक्तीच्या अभावाचा प्रश्न इंग्रजी संहितालेखकाला पडण्याचे कारण नाही, कारण ‘कोणाला’ व ‘कोठे’ हे सांगण्यासाठी इंग्रजीतही बव्हंशी स्थानच उपयोगी पडते.

दुसरा प्रयोग सॉफ्टवेअर कार्पेन्ट्रीचा. ग्रेग विल्सन व ब्रेंट गोर्डा यांनी १९९८ मध्ये वैज्ञानिकांसाठी सुरू केलेल्या या उपक्रमात अध्यापक सर्वांसमोर प्रत्यक्ष टंकित करतो व विद्यार्थी त्याच्याबरोबर टंकित करतात. अध्यापकाकडून होणाऱ्या चुका आणि त्यांची दुरुस्ती हा पाठाचाच भाग मानला जातो. प्रत्येकाकडे दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या असतात. एक ‘जमले’ सांगण्यासाठी, दुसरी ‘अडलो’ सांगण्यासाठी. हात वर करून शंका विचारण्यास संकोचणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी ही साधी युक्ती विशेष उपयुक्त ठरावी. मराठी निवेदन पहिल्या प्रयोगातून आणि चुकीचा सन्मान दुसऱ्यातून घेतला, तर आपल्या प्रयोगशाळांना साजेशी पद्धत घडू शकते.

७. आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप असा की, चित्रमय पडदा उपलब्ध असताना हा खटाटोप कशासाठी? टंकित आज्ञा हा मजकूर असतो, हे याचे उत्तर. तो जपता येतो, तपासता येतो, दुरुस्त करता येतो, दुसऱ्याला देता येतो. टिचक्यांची अशी नोंद सहसा मागे उरत नाही. पाच धरणांच्या वर्षभराच्या पाणीसाठ्याच्या नोंदी एका फाईलमध्ये असतील, तर त्यातून डिंभे धरणाच्या ओळी निवडणे, त्या क्रमाने लावणे व मोजणे हे ग्रेप, सॉर्ट व डब्ल्यूसी या तीन आज्ञा पाइपने जोडून साधता येते आणि पुढील वर्षी तीच ओळ पुन्हा वापरता येते. भूगोल, अर्थशास्त्र व वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांनाही याचा उपयोग आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील सर्वच्या सर्व संगणक २०१७ पासून लिनक्सवर चालत आहेत, हेही लक्षात घ्यावे.

दुसरा आक्षेप : आज्ञांचेच मराठीकरण का करू नये? पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने बॉस या लिनक्स-आधारित प्रणालीत भारतीय भाषांतील पडदे उपलब्ध केले, ते स्वागतार्हच आहे. परंतु आज्ञांची नावे जगभर समान असण्यात विद्यार्थ्याचे हित आहे. नावे तीच ठेवावीत, स्पष्टीकरण मात्र मराठी व्याकरणाचे असावे.

तिसरा आक्षेप अगदी अलीकडचा. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता मराठीत विचारले तरी तयार आज्ञा देतात. मग शिकायचे कशाला? उलट याच कारणाने वाचनाची गरज वाढली आहे. दुसऱ्याने लिहून दिलेल्या आज्ञेत आरएम हे क्रियापद आहे, त्यास ‘डॅश आर’ हे विशेषण लागले आहे आणि पुढचे पद आपल्या वर्षभराच्या कामाचे फोल्डर आहे, हे ज्याला वाचता येत नाही, तो एका कळीत सर्वस्व गमावू शकतो. या आज्ञेने काढलेली फाईल कचरापेटीत जात नाही. लिहून देणारे साधन मिळाले, तरी सही करण्यापूर्वी कागद वाचता यावा लागतो, हे सात-बाराचा उतारा हाताळणाऱ्या आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) कमांड लाइन ही आज्ञांची यादी नसून लहानशी पण नियमबद्ध भाषा आहे, तिच्या अध्यापनात शब्दसंग्रहाआधी वाक्यरचना यावी.

२) मराठी भाषक विद्यार्थ्याच्या अनेक चुका विभक्तीप्रधान भाषेच्या सवयीतून, देवनागरीत अक्षरांचे मोठे-छोटे रूप नसण्यातून आणि मोकळी जागा अनुच्चारित राहण्यातून उद्भवतात. त्या आधी ओळखून शिकविल्यास टाळता येतात.

३) प्रात्यक्षिकाच्या वहीत यशस्वी आज्ञांबरोबर त्रुटीसंदेश व त्याचा विद्यार्थ्याने मराठीत लावलेला अर्थ यांची नोंद असावी आणि त्यास गुण असावेत.

४) उदाहरणे परिसरातील असावीत, त्यांनी विषय सोपा होतोच, शिवाय चूक चटकन दिसते.

५) या विषयाच्या अध्यापनसामग्रीच्या निर्मितीत संगणकशास्त्र व मराठी या दोन्ही विभागांनी एकत्र बसावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मातृभाषेतून शिक्षणावर दिलेला भर केवळ पुस्तकांच्या भाषांतराने सार्थ होणार नाही. विद्यार्थ्याच्या भाषेतून त्याच्या अडचणीचा विचार व्हावा लागेल.

यांपैकी तिसरी सूचना अंमलात आणण्यास स्वतंत्र निधी, नवी यंत्रसामग्री किंवा अभ्यासक्रमातील बदल यांची गरज नाही. वहीत एक रकाना वाढविला की पुरे. येत्या सत्रापासून तो वाढवावा, एवढीच विनंती प्राध्यापकवर्गास आहे.